भोकाचा पैसा

"बाबा, एवढं सांगा... आमची न्हाणी घराच्या उगवतीला होती की मावळतीला?"

नूरबाबांनी डोळे न उघडताच उगवतीकडं हात केला.

गाव धरणात गेलं, लोक पुनर्वसनाला गेले, पण हा फकीर काठावरून हलला नाही. आता नव्वदीला टेकला होता.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या घरांची जोती उघडी पडत. गाव सुटलं तेव्हा अगदी लहान असलेला भानुदास थोपटे दरसाल यायचा, तो जमिनीतली नाणी हुडकायचं यंत्र घेऊन. बाजारतळ, चावडी, देवळाची पायरी, काही म्हणून सोडलं नव्हतं. एकदा जुनी शिवराई नाणी सापडली आणि पेपरात फोटो आला. तेव्हापासून तर स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"माझ्या यंत्रापासून भुईत काही लपत नाही, बाबा," असं तो म्हणायचा. बाबा नुसते हसायचे.

यंदा मात्र तो स्वतःच्या घराच्या जोत्यावर आला होता. थंडीत त्याची आई गेली. शेवटपर्यंत बिचारी ह्याच घराचं बोलत राहिली. तिच्या हातचं काहीतरी इथं मिळावं म्हणून त्याचा जीव तळमळत होता.

न्हाणीच्या मागं यंत्र वाजलं. एका चपट्या दगडाखाली इवलंसं गाडगं निघालं, आणि गाडग्यात भोकाचा तांब्याचा पैसा. नाण्यांच्या बाजारात त्याला कोणी हुंगलंही नसतं. भानुदास मात्र साठी उलटलेला माणूस, पोरासारखा पळत आला.

"सापडलं, बाबा! आईनं लपवलेलं! बापानं दारूत उडवू नये म्हणून..."

"किती हायेत?"

"एकच."

"येकच पैसा कुनी लपवतं व्हय रं, भाना?"



बाबांनी पैसा घेतला. भोकावरून अंगठा फिरवला.

"ह्यो माज्या झोळीतला."

"तुमच्या?"

"तुज्या आदी तिची दोन लेकरं गेली. तुज्या येळंला पोटुशी व्हती. आली, न् माज्यासारक्या भिकाऱ्याम्होरं पदर पसरला. म्हनली, बाबा, येक पैसा द्या. बाळातपन झालं की नाळंसंगट, वारंसंगट पुरायचाय. मागून आनलेला पैसा दिला तर भुई लेकरू धरून ठिवती, जाऊ देत न्हाई म्हनं..."

भानुदासनं हातातल्या गाडग्याकडं पाहिलं.

"म्हणजे ह्यात... माझी नाळ, माझी वार?"

बाबांनी मान हलवली. धरणावरून वारा येत होता.

भानुदासला रडू आवरेना. उभं गाव उकरून त्यानं राजेरजवाड्यांची नाणी जमवली, आणि आपल्यासाठी आईनं भीक मागितली होती हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, हा मी नेतो. आईचं दुसरं काहीच नाही माझ्याकडं."

"ने की."

बाबांनी पैसा त्याच्या तळहातावर ठेवला.

"कुनाकडनं नेतोयस, तेवडं बग."

 भानुदास तसाच परत न्हाणीमागं गेला. पैसा गाडग्यात घातला, गाडगं होतं तिथं ठेवलं, वर दगड, आणि दगडावर दोन्ही हातांनी गाळ सारखा केला.

पण पाय निघेना.

त्यानं यंत्र उचललं आणि त्या जागेवरून एकदा फिरवलं. ते वाजलं. त्याचे डोळे भरून आले. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाजलं... मग त्याला थांबवेचना.

काठी टेकत बाबा आले. त्यांनी हलकेच त्याचा हात धरला.

"बास, लेका... बंद कर ते. पोर उठंल."