तहानलेली बाग

एकदा एका शहरात, सोमवारी सकाळी साडेसहा वाजता, चार इमारतींच्या मधल्या सामायिक बागेत एका निवृत्त गुरुजींनी ठिबक सिंचनाची नळी कोयत्याने कापून टाकली. शेजारी त्यांचा जुना शिष्य उभा होता. ती नळी त्यानेच आपल्या सगळ्या सुट्ट्या खर्ची घालून अंथरली होती.

"गुरुजी, हे काय केलंत! गुरुवारी पालिकेचे साहेब पाहणीला येणार. तोवर वांगी माना टाकतील!"

पाहणीचे कारण फाटकावरच लटकत होते. एक नवी कोरी पाटी : 'विनावापर जागा. नियोजित वाहनतळ.' वांगी, मेथी, दोडके यांनी भरलेली जमीन म्हणे विनावापर! बाग जितकी हिरवी दिसेल तितकी ती वाचेल, अशी शिष्याची खात्री होती.

"आता घरोघर जा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "सांग, बागेचं पाणी बंद झालंय. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, खाली घेऊन या."

शिष्य चरफडत जिने चढला. बहुतेक दारांत त्याला कोणी ओळखलेही नाही. संध्याकाळी एकट्या दमयंतीकाकू पातेले घेऊन उतरल्या. मंगळवारी त्यांनी शेजारणीला ओढून आणले. बुधवारी तर फाटकाशी रांगच लागली.

"काकू, हे पाणी आहे की पिठलं?" रांगेतल्या एका पोराने मागे वळून विचारले.

"पिठलं असतं तर तुला दाखवलं तरी असतं का, मेल्या? सरक पुढे!"

गुरुवारी साहेब आले, तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. ते चाचरत म्हणाले, "इथे कोणी येत नाही, अशी तक्रार आहे."

"मग आम्ही काय भुतं आहोत?" काकूंनी पातेले कमरेवर घेत विचारले.

हशा पिकला. साहेबांनी 'जागा वापरात आहे' असा शेरा लिहिला आणि चिखलाने भरलेले बूट झटकत ते बाहेर पडले.

शिष्य गुरुजींपाशी येऊन बसला. गुरुजी म्हणाले, "तुझी नळी चोख होती रे. इतकी चोख, की बागेला माणसं लागेनाशी झाली आणि माणसांनाही बागेची आठवण राहिली नाही. जिथे कोणाचा पाय पडत नाही, त्या जागेवर कोणीही पाटी ठोकतो. साहेबांना तुझी वांगी अडवणार होती थोडीच?"

शिष्याने नळीचे तुकडे गोळा केले आणि दोडक्याचा मांडव बांधायला घेतला. मागून काकू ओरडल्या, "गाठ घट्ट मार, इंजिनिअर!" तो हसला.

आजही लोक पातेली घेऊन उतरतात. फाटकावरच्या पाटीवर आता भोपळ्याचा वेल चढला आहे. जाता जाता साहेब म्हणाले होते, "ही पाटी आमच्या खात्याची नाही."

मग ती लावली कोणी? बागेने पालिकेला लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.