झिपरबुवांची पळी

“पळी देणार आहात की नाही, तेवढं आधी सांगा,” मुकिंदा म्हणाला. “मग वाढतो.”

“उपाशी माणसाला दमात घेतोस?” झिपरबुवा पाटावर बसले. “वाढ.”

झिपरबुवांच्या डोक्यावर एक केस नव्हता. नाव जुनं, टक्कल अलीकडचं. महाबळेश्वराच्या डोंगरातल्या एका मठाची चूल त्यांनी चाळीस वर्षं सांभाळली होती, आणि त्या चुलीचा कायदा एकच. शिजेल ते आधी देवाला, तोवर कुणी चाखायचं नाही. मीठ बघायचं ते नाकानं, फोडणी बघायची ती कानानं.

शिकून झालेला शिष्य निघाला, की त्यानं बुवांना आपल्या हातचं जेवू घालायचं. बुवांना पटलं तर ते खुंटीवरच्या पितळी पळ्यांतली एक काढून हातात देत. नाही पटलं तर बस आणखी वर्षभर भांडी घासत.

मुकिंदाची सात वर्षं झाली होती. पाचगणीच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला स्ट्रॉबेरीच्या हंगामापुरता मुख्य आचारी म्हणून बोलावलं होतं. अट एवढीच, की येताना बुवांची पळी घेऊन ये. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं.

देवाचा नैवेद्य बारालाच होऊन गेला होता. हे पान नुसतं बुवांचं. एका बाजूला स्ट्रॉबेरीचा शिरा, दुसऱ्या बाजूला वाटीत स्ट्रॉबेरीची आमटी, मधे ज्वारीची भाकरी.

“हे फळ चुलीवर चढवायची छाती आजवर इथं कुणाची झाली नाही,” मुकिंदा म्हणाला. “तुमचीसुद्धा नाही.”

“मला दात आहेत रे. मी ते तसंच खातो.” बुवांनी वाटीत डोकावून पाहिलं. “काय काय केलंस?”

“लालभडक तेवढी शिऱ्यात. साखर निम्मी घातली, फळाची गोडी पुढं यावी म्हणून. जी देठाशी पांढरट होती, ती आंबट. ती आमटीत. चिंच नाही, आमसूल नाही. गूळ नेहमीएवढा.”

“आंबट कुठली, गोड कुठली, हे कुणी ठरवलं?”

“मी. बघूनच कळतं.”

खालच्या मळ्यातल्या अनसूयाबाईंनी पाट्या देताना सांगितलं होतं, की बाबा, रोपं दोन जातींची आहेत, रंगावर जाऊ नकोस, एकेक तोंडात टाकून बघ. मुकिंदा नुसता हसला होता. सात वर्षांत ज्यानं चुलीवरच्या आमटीचा थेंब जिभेला लावला नाही, त्याला मळेवाली बाई चाखायला सांगते.

बुवांनी शिरा बोटावर घेतला. जिभेवर ठेवला...

मग भाकरीचा तुकडा मोडला आणि शिऱ्याला लावून खाल्ला.

“मिरची दे एक.”

“बुवा, तो शिरा आहे.”

“असेल. मिरची दे.”

बुवांनी वांग्याची भाजी संपवावी तसा शिरा संपवला. भाकरीशी, मिरची चावत. आमटीला त्यांनी हात लावला नाही. जेवण झालं, ताट बाजूला सरलं, तेव्हा वाटी उचलली आणि दोन घोटांत प्यायले. मिशा पुसल्या.

“गोडाचं बरं झालंय. वेलची विसरलास.”

मुकिंदाचे कान तापले. “थट्टाच करायची होती तर पाटावर कशाला बसलात?”

“चाखलंस?”

“नाही. चाखणारही नाही. कायदा तुमचा आहे. तापात पाळला, उपासात पाळला. बासुंदी आटवताना चार चार तास वास घेत बसलो, तेव्हाही पाळला. आता एका पळीसाठी मोडू?”

“कायदा देवाच्या पानाचा. हे पान कुणाचं?”

“तुमचं.”

“मग मी देव कधी झालो? मला कुणी कळवलं नाही.”

सात वर्षांचा ताठा उत्तरासाठी अडून राहत नाही.

“नका देऊ पळी,” तो म्हणाला. “मी सांगेन हॉटेलवाल्याला, म्हाताऱ्याची जीभ गेली. हे घ्या, तुमच्यासमोर खाऊन दाखवतो.”

त्यानं शिऱ्याच्या पातेल्यात बोट घातलं आणि तोंडात टाकलं.

डोळे आपोआप मिटले. दात आंबले.

मग आमटी. गोड, वर आणखी गोड, आणि शेवटी कुठून तरी तिखटाचा चटका.

बुवा सुपारी कातरत होते. वर बघत नव्हते.

“दोन्ही फसलंय,” मुकिंदा म्हणाला. “तरी मी जाणार. हॉटेलवाल्यानं पळीशिवाय उभं केलं नाही, तर गाडीवर भजी तळीन. पण जिथं असेन तिथं प्रत्येक पाटीतलं फळ आधी मी खाणार, मग चूल पेटवणार. कुणाच्या कायद्यात बसत नसेल तर नाही बसलं.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठले. खुंटीवरची देवाची पळी काढली. दुपारी हिनंच देवाला खीर वाढली होती.

पळी शिऱ्यात बुडवली आणि पुढून चाटली. तोंड वाकडं केलं. मग आमटीत बुडवली आणि मागून चाटली, दांड्यापर्यंत.

चाळीस वर्षं त्या पळीला कुणाचा ओठ लागला नव्हता.

“बुवा... उष्टी झाली ती.”

“झाली ना?” बुवांनी पळी त्याच्या हातात दिली. “आता इथं तिला कोण ठेवून घेणार? घेऊन जा.”