ज्याचा शब्द, त्याचा हात

एका राज्यात कुणालाच बसता येत नव्हते. जरा टेकले की अंगाला मुंग्या येत आणि पाय आपणहून चालू लागत. राजा सिंहासनासमोर येरझारा घाली, आचारी चुलीभोवती. लग्ने उभ्याने लागत, जेवणे उभ्याने उरकत, घोड्यासारखी उभ्यानेच डुलकी काढावी लागे. पाट भिंतीवर टांगलेले होते आणि दारी आलेल्याला "बसा" म्हणायची रीतच बुडाली होती.

याचे कारण एक खड्ग. एका मांत्रिक लोहाराने ते घडवले आणि अट घातली, 'ज्याचा शब्द, त्याचा हात.' मृत्युदंड ज्याने सांगावा, त्याने मुठीला हात लावावा. जुन्या राजांनी हे पाळले, म्हणून दंड क्वचित होई. पुढे कुणा शहाण्याने पगारी जल्लाद ठेवला. मोठी सोय झाली! दंड वाढले, सांगणाऱ्या कुणाचाच हात लागेना. तेव्हापासून खड्ग म्यानात बसेना आणि राज्यात माणूस बसेना. चौकात म्यान खाली पडलेले आणि खड्ग वर अधांतरी थरथरत असे.

त्या राज्यात येसू नावाची विणकरीण होती. तिच्या भावाने, हैबतीने, भर बाजारात भांडणात धुळाजी पहारेकऱ्याला ठार केले. केलेच होते, उगाच खोटे कशाला सांगू? हैबतीचा शिरच्छेद ठरला. तीन दिवस उरले.

चौकातल्या पिंपळावर एक भारद्वाज बसे. हो, बसे, पाखरांना शाप नव्हता. तो म्हणाला, "येसू, खड्ग म्यानात गेले तर भाऊ वाचेल. ते ज्याच्या शब्दाने जाईल, त्याला शोध. तीन दारे आहेत."

पहिल्या दिवशी ती राजाकडे गेली. "महाराज, मृत्युदंड बंद करा."

"मलाही तो नको आहे," राजा चालता चालता म्हणाला. "पण कायदा सभेचा. सभा ठरवील."

दुसऱ्या दिवशी ती सभेत गेली. सात सभासद गोल फिरत होते. त्यांतले वडीलधारे कोन्हेरपंत म्हणाले, "आमच्यातल्या पाच जणांना दंड बंद करावा वाटतो. पण रयत खवळेल, बाई. उद्या रयतेने रांजणात खडे टाकावेत. काळा म्हणजे दंड राहो, पांढरा म्हणजे जावो. आम्ही कोण ठरवणार?"

"मग तुम्हाला निवडले कशाला?" येसूने विचारले. सातही जणांना एकदम दुसरीकडे जायची घाई झाली.

तिसऱ्या दिवशी चौकात रयत लोटली. रांजणात काळ्या खड्यांचा नुसता खडखडाट. येसूने एका तेल्याला अडवले. "दादा, तुमच्या शब्दाने माझा भाऊ मरणार ना?"

"माझ्या? छे! माझा एक खडा. कायदा सभेचा, हुकूम राजाचा!"

येसूला संताप आला आणि त्याच्या पाठोपाठ लाज. तीन वर्षांपूर्वी धान्याची कोठारे जाळणाऱ्याचे डोके उडाले, तेव्हा याच चौकात तिने टाळ्या पिटल्या होत्या. तेव्हा तिलाही वाटले होते, हुकूम राजाचा.

ती पुढे झाली आणि तिने खड्गाची मूठ धरली. "मागच्या खेपेला मीही डोके मागितले होते. हा माझा हात."

खड्ग तिच्या हातात डोंगराएवढे जड झाले. ती कळवळून ओरडली, "सगळे ओझे माझ्यावरच पडले!"

"असे कसे? आपण हजारो होतो," म्हणत तेल्याने हात लावला आणि तोही वाकला.

"हे ओझे वाटले जात नाही," भारद्वाज म्हणाला. "हजार हात लागले तरी प्रत्येकावर पुरे पडते."

 काळे खडे हातातच राहिले. कोन्हेरपंत गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे उचलायलाच आम्हाला निवडले होते आणि आम्ही खडे वाटत फिरलो," ते म्हणाले. त्यांनी हात लावला, मागोमाग सहा जणांनी लावला. घामाने निथळत ते म्हणाले, "आमच्या शब्दाने मृत्युदंड बंद. रयतेला राग आला तर आमच्यावर काढावा."

खड्ग म्यानात उतरू लागले. बोटभर बाहेर राहिले आणि पुन्हा थरथरू लागले.

"मला कुणी विचारले?" गर्दीतून आवाज आला. ती सगुणा होती, धुळाजीची विधवा. लोकांनी वाट दिली. तिने एकटीने मूठ धरली, एवढ्या जोराने की बोटे पांढरी पडली.

"माझा धनी परत येणार नाही," सगुणा म्हणाली. "हैबतीला मी या जन्मी माफ करणार नाही. त्याने मरेपर्यंत कोठडीत राहावे. पण हे मला उचलायचे नाही."

आणि तिने मूठ खाली दाबली. खड्ग म्यानात बसले.

लोक होते तिथे मटकन खाली बसले, कुणी धुळीत, कुणी पायरीवर. राजा तर वाड्याच्या उंबऱ्यावरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. कोठडीत हैबतीही बसला.

दुसऱ्या दिवशी येसू सगुणाच्या दारात जाऊन उभी राहिली. सगुणाने तिच्याकडे पाहिले. मग तिने भिंतीवरचा पाट काढला, पदराने त्याची धूळ पुसली आणि तो खाली ठेवला.

"बस," ती म्हणाली.