उपटलेला लाल दिवा

दूध संघाचे अध्यक्ष हंबीरराव सरनोबत गॅरेजच्या दारातच गरजले, "ए बाई, तीन बॅटऱ्या बदलल्या, इंजिनचा पट्टा आवळला, तरी गाडी रस्त्यात मरतेच! सगळे चोर तुम्ही! आज दुरुस्त झाली नाही, तर गॅरेजला टाळं ठोकीन."

शमशाद मुल्लाणीचं डोकंच सणकलं. जुन्या गाड्यांचं वायरिंग वीस वर्षं करणाऱ्या बाईला चोर म्हणतो? तिनं गाडीत डोकावलं, तर डॅशबोर्डवर बॅटरीच्या लाल दिव्याच्या जागी नुसतं भोक.

"दिवा कुठाय?"

"उपटला! तो रोज डोळे वटारायचा, अन् ड्रायव्हर परसू रोज तुणतुणं वाजवायचा, 'साहेब, दिवा लागलाय.' दोघांनाही काढून टाकलं."

शमशादनं बल्ब बसवून चावी फिरवली. दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला, आणि चार्जिंगचा काटा वर चढला.

"या दिव्यातून करंट गेला, तरच बॅटरी भरणारा अल्टरनेटर जागा होतो," ती कडाडली. "तेव्हा पट्टा ढिला होता, म्हणून तो लागायचा; परसू खरंच सांगत होता. कटकट म्हणून ज्याला उपटलंत, त्याच्याच जिवावर गाडी चालत होती!"

तिनं चावी काढून मुठीत आवळली.

"दिवा मी बसवला, साहेब. परसूला तुम्ही बोलवा. चावी त्याच्याच हातात देईन."