ना नवी, ना जुनी बॅटरी

सटवाजी सुताराच्या ड्रिल मशीनची बॅटरी मेली, आणि तीही महाराजांच्या झोपाळ्याची शेवटची भोकं पाडायची राहिली असताना!

नवलपूर संस्थानात राजा होता, दिवाण होता आणि बिनवायरीची ड्रिल मशीनंही होती. कशी होती ते विचारू नका, होती! ती विकायचा मक्ता दिवाणजींच्या मेहुण्याकडे होता. का होता, तेही विचारू नका.

सटवाजीची लेक येसू मशीन घेऊन मेहुण्याच्या दुकानात गेली.

"अगं, हे मॉडेल बंद झालं!" मेहुणा हळहळला. "याची बॅटरी आता ब्रह्मदेवाकडेही मिळायची नाही. नवं मशीन घे."

"मशीन धडधाकट आहे. बॅटरी तेवढी गेलीय."

"तेच सांगतोय! नव्या मशीनबरोबर बॅटरी मिळते."

"ती या जुन्याला बसेल?"

"छे! तिची खाच वेगळी. चार्जरही वेगळा, तो निराळा घ्यावा लागेल."

येसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वेसण तुटली म्हणून कुणी बैल बदलतं का?" असं म्हणून ती तडक दरबारात गेली आणि तिने गाऱ्हाणं मांडलं.

दिवाणजी महाराजांच्या कानाला लागले. महाराजांना स्वतः विचार करायचा फार कंटाळा, त्यामुळे दिवाणजींचा विचार त्यांना लगेच पटला.

"ठीक आहे!" महाराज गरजले. "बॅटरी आण. पण ती नवी नको, कारण नवी बनत नाही. जुनी नको, कारण जुनी मेलीय. विकत घ्यायची नाही, मक्ता मेहुण्याचा आहे. आणि फुकट तर मुळीच नाही. फुकट घेणारा आमच्या राज्यात चोर! पौर्णिमेच्या दरबारात हजर केली नाहीस तर तुझ्या बापाची हत्यारं जप्त! मग त्याने मेहुण्याच्या दुकानात झाडू मारायचा."

घरी सटवाजीने कपाळाला हात लावला. "पोरी, तुझ्या जिभेनं घर बुडवलंस गं!"

येसूला रडू कोसळलं. बापाच्या हातात रंध्याऐवजी झाडू तिला बघवणार नव्हता. पण रडून बॅटरी चार्ज होत नाही. तिने डोळे पुसले, मेलेली बॅटरी पदरात बांधली आणि गावातल्या रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या रमजानचाचांचं घर गाठलं.

पौर्णिमेला दरबार भरला. येसूने मशीनचा खटका दाबला. घर्र्र! दिवाणजींच्या चौरंगाला बघता बघता भोक पडलं.

"कुठून विकत आणलीस?" दिवाणजी ओरडले.

"विकत नाही आणली. रमजानचाचांनी करून दिली."

"म्हणजे फुकट! महाराज, चोर सापडला!"

"फुकट कशी? चाचांनी आमची बॅटरी सांभाळायची, आम्ही त्यांच्या खाटा आणि दारं सांभाळायची. हे बलुतं आहे, महाराज!"

"बलुतं म्हणजे फुकटच की!" दिवाणजी म्हणाले.

येसूने हात जोडले. "महाराज, न्हावी रोज आपली दाढी करतो आणि सुगीला धान्य नेतो. ही दाढी विकतची म्हणावी, तर तिची जकात कुणी भरलेली नाही. आणि फुकटची म्हणावी, तर... माझी जीभ धजत नाही, महाराज!"

महाराजांचा हात आपसूक गुळगुळीत हनुवटीवर गेला. न्हावी खांबाआड सरकला.

"दाढी विकतची नाही," महाराज घाईघाईने म्हणाले, "आणि फुकटची तर नाहीच नाही! पुढे बोल."

दिवाणजींनी बॅटरी हिसकावून घेतली. "पण ही नवी आहे, महाराज! हिच्या आतले सगळे सेल नवे आहेत!"

"वरचं खोकं जुनंच आहे," येसू म्हणाली.

"आत नवं ते सगळंच नवं!"

"असं? मग दिवाणजी, गेल्या महिन्यात तुम्ही तोंडात नवी कवळी बसवली. आता तुम्ही नवे दिवाणजी झालात का?"

"मी? नवा? मी वीस वर्षं दिवाण आहे!"

"मग जुनेच म्हणायचे?"

दिवाणजी बॅटरी या हातातून त्या हातात घेऊ लागले. हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत!

"मीच सांगते, महाराज. दिवाणजी ना नवे, ना जुने. खोकं तेच आहे, पण खायची ताकद नवी आली!"

महाराज असे हसले, असे हसले की पगडी मांडीवर आली! दरबार हसला, आणि खांबाआडून न्हावीही हसला.

"शाब्बास, पोरी!" महाराजांनी बोटातली अंगठी काढून येसूला दिली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्याही कोठीत दर दसऱ्याला घेतलेली मशीनं मरून पडलीयत. चालू करशील? बलुतं काय घेशील?"

"मेहुण्याचा मक्ता, महाराज!"

"दिला!" महाराज म्हणाले, आणि पगडी सावरायला जाऊन पुन्हा हसत सुटले.