टेकाईच्या घुमटाचे दोन दोर

खोरदऱ्याच्या टेकडीवर टेकाईचे देऊळ आहे. पाहुणे आले की तुकनाथ गुरव त्यांना आधी घुमटाभोवती फेरी मारायला लावतात. "सांधा दिसतो का बघा," म्हणतात. मधोमध कापलेल्या चेंडूसारखा तो पांढरा घुमट, पण त्यावर जोडाची एक रेघ नाही. मग पायरीवर टेकून ते सांगू लागतात.

देऊळ सटवाजी गवंड्याने बांधले असे सांगतात. दगडकाम झाले, उरला वरचा गिलावा. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालून मळलेला तो गिलावा एका दमात, एकाच दिवशी चढवावा लागे. खंड पडला की तिथे सांधा राहायचा आणि पाणी झिरपायचे. सटवाजीने घुमटाखालची गोल फरशी मोजली आणि तिला पुरेल एवढा चुना मळला. शेंड्यापासून लिंपत आला, तर घुमटाच्या निम्म्यावरच चुना संपला. काही वाया गेला असेल असे धरून, सगळा खरवडून पुढल्या वर्षी त्याने दीडपट मळला. तरी चवथाई घुमट उघडाच.

गावात कुजबूज सुरू झाली. देवी चुना गिळते, तिला माणूस हवा. सटवाजी म्हणाला, "हात माझा चुकला, तर मीच जातो." येत्या पुनवेला पायथ्याशी त्याला चिणायचे ठरले.

वेशीबाहेरच्या वस्तीत धुरपा नावाची बाई राहत असे. दोर वळणे हा तिच्या घरचा धंदा. बांधकामाच्या परांचीचे दोर तीच पुरवी, पण देवळाच्या पायरीपर्यंतच. दोर टाकताना हे तिच्या कानावर पडले आणि तिला आपले वाडगे आठवले.

गोल भोपळा मधोमध कापून ती वाडगे करायची. बाहेरून सुतळी गुंडाळून त्याला मढवायची आणि तोंडावर तीच सुतळी चकलीसारखी फिरवून झाकण करायची. झाकणाला लागे ती एक लडी धरली, तर वाडग्याला तसल्या दोन. लहान भोपळा घेतला तरी दोन, मोठा घेतला तरी दोन. असे का, याचे तिला भारी नवल वाटे. विचारावे तर कोणाला? तिने पुष्कळ भोपळे कापले, म्हणे, पण दोनाचे तीन काही झाले नाहीत.

ती सटवाजीपुढे वाडगा घेऊन उभी राहिली. "देवी माणूस न्हाई मागत, दादा. चुना मागतीया. फरशीच्या दुप्पट."

सटवाजीने सुतळी उलगडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाला, "दीडपटीवर चवथाई उरला होता, म्हणजे आणखी अर्धी पट. तू म्हणतेस तेच खरं असणार." पण पाटील म्हणाले, भोपळ्यावरून देऊळ ठरत नाही. घुमटावर दाखवा.

सगळी वस्ती दोर वळायला बसली. मनगटाएवढे जाड, सटवाजीने दिलेल्या फरशीच्या मापाचे, सारख्या लांबीचे दोन दोर. पुनवेच्या दिवशी धुरपा दोर घेऊन आली, तेव्हा पाटलांनी तिला पायरीवरच अडवले. सटवाजी आडवा आला. "दोर आत चालतो, तर वळणारी का नको? आज मरायचं मला आहे, तिला येऊ द्या."

पाटील बाजूला झाले. धुरपाने पहिला दोर फरशीच्या मधल्या टिंबापासून चकलीसारखा फिरवत नेला. फरशी भरली आणि दोर बरोबर संपला. तोच दोर सटवाजीने शेंड्यापासून घुमटावर गुंडाळला. तो निम्म्या उंचीवर संपला. मग दुसऱ्याचे टोक जोडले. वेढ्यामागून वेढा खाली येत होता आणि धुरपा खालून दोर सोडत होती. भोपळा लहान, घुमट केवढा! हातभर कमी पडला तर?

दोर काठाला टेकला आणि तिच्या हातात बोटभर शेपूट उरले. सटवाजी लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. पाटलांनी चिणायला आणलेल्या विटा परत न्यायला सांगितल्या.

दुप्पट चुना मळला गेला. सूर्य मावळायच्या आत शेवटची थापी फिरली, असे सांगतात.

शाळेचे मास्तर या दुपटीचे गणित फळ्यावर मांडून दाखवतात. तुकनाथांना ते नीटसे कळत नाही. पण आजही दर बारा वर्षांनी घुमट नव्याने लिंपतात, तेव्हा चुना दळायच्या घाणीला बैल जुंपण्याआधी गवंडी वेशीबाहेरच्या वस्तीतल्या दोरवाल्या बाईला मानाने गाभाऱ्यात आणतो आणि साऱ्या गावादेखत विचारतो, "बाई, किती?"

ती म्हणते, "दोन." मगच बैल चालतात.