लानशिनचा ठसा

फार वर्षांपूर्वी, चीन देशात ल्वोशी नावाच्या गावी लानशिन नावाची बाई राहत होती. गावच्या देवळापुढे दगडी कासवाच्या पाठीवर एक शिलालेख उभा होता, चांगला दोन पुरुष उंच. खुद्द बादशहानं तो कोरवून घेतला होता. पुरात या गावानं त्याचं सगळं सैन्य नदीपार नेलं, असं म्हणतात, म्हणून त्यानं शब्द दिला होता की ल्वोशीच्या माणसाला कधी कोणी वेठीला धरू नये.

लानशिन त्या लेखाचे ठसे काढायची. दगडावर ओला कागद लावायचा, तळहातानं थापटून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईत भिजवलेली कापडाची पुरचुंडी दाबत जायची. कागद काळा व्हायचा, अक्षरं पांढरी राहायची. यात्रेकरू ते ठसे हौसेनं घरी न्यायचे. तिला स्वतःला मात्र त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं!

पुढे तो बादशहा वारला आणि नवा सुभेदार आला. त्याला कालवा खणायला माणसं हवी होती, आणि त्या कालव्यावर गेलेला माणूस परत येत नसे. लेख आड येतो म्हणून त्यानं तो तासून गुळगुळीत केला, घरोघरचे ठसे जाळले आणि गावातले सगळे तरणे गडी दोरखंडानं बांधले. त्यांत लानशिनचा नवराही होता.

गाव रडत बसलं. लानशिनला रडू आलं नाही, तिला भयंकर राग आला होता. ती कागद भिजवून थेट देवळापुढे गेली.

"बादशहांचा शब्द अजून दगडात आहे," ती म्हणाली.

सुभेदार हसला. "बाई, तुला तर वाचताही येत नाही!"

"वाचा तुम्ही, सरकार. माझ्या हाताला पाठ आहे."

तिनं गुळगुळीत दगडावर कागद थापटला, शाई फिरवली. असं म्हणतात, की एकेक करत सगळी अक्षरं कागदावर पांढरी उमटली. सुभेदारानं दगड पुन्हा तासवला. तिनं पुन्हा ठसा काढला, अक्षरं पुन्हा आली. तिसऱ्या वेळी पाथरवटांनीच छिन्न्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. सुभेदाराची बोबडी वळली. दिवस मावळायच्या आत सगळे दोर सुटले.

काही शहाणे म्हणतात, बाईनं कागदावर आधीच मेणानं अक्षरं गिरवली असतील, मेणावर शाई धरत नाही. म्हणोत बापडे.

आजही नांगरणीच्या आधी ल्वोशीच्या बायका त्या दगडाचा ठसा काढतात. कागद नुसता काळाकुट्ट निघतो, एक अक्षर उमटत नाही. घरातली धाकटी सून तो दारावर चिकटवते आणि सगळ्यांसमोर, एक शब्दही न चुकता, मोठ्यानं वाचून दाखवते.